कव्हरच्या शिवणीत काच निघाली

येत्या काही महिन्यांत ज्यांच्या घरी बाळ येणार आहे आणि जे जुनी कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी छोटी सीट, घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, माझं माहेर कऱ्हाडचं. पहिलं बाळंतपण माहेरी ठरलं होतं, म्हणजे तान्ह्या बाळाला घेऊन हायवेने जवळजवळ १६० किलोमीटर यायचं, खंबाटकीचा बोगदा ओलांडून. आई म्हणाली, "मी मागे बसते, मांडीवर घेईन की. तुम्ही दोघं तशीच वाढलात." मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. तिला वहीत मांडून दाखवलं. गाडी ताशी ५० च्या वेगात असेल तर ती सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. धडक बसून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतलं प्रत्येक माणूस स्वतःच्या वजनाच्या साधारण १४ पट जोराने पुढे खेचलं जातं. ४ किलोचं बाळ धरून ठेवायला तेव्हा ५६ किलोचं ओझं पेलण्याइतकी ताकद लागेल, आणि तीही अचानक. आईने ते आकडे दोनदा वाचले. "घे बाई ती सीट," म्हणाली.

प्रश्न पैशांचा होता. बाळंतपणाचा खर्च विम्यात बसत नव्हता, प्रतीक्षाकाळ संपायला अजून वर्ष होतं. वहीच्या एका पानावर दवाखाना, सोनोग्राफ्या, लसी, मालिशवाल्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे, डिंक-खारीक-अळीव असं सगळं लिहिलं होतं. जिथे वाचवता येईल तिथे वाचवलं. पाळणा मोठ्या जाऊबाईंकडून आला. दुपटी आणि लंगोट सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती साड्यांचे शिवले, आणि विकतच्या कुठल्याही कापडापेक्षा ते मऊ होते. कार सीटसाठी उरले ७,००० रुपये. मला हवी असलेली परदेशी कंपनीची सीट २२,००० ची होती.

मग जुन्या वस्तूंच्या एका अॅपवर तीच सीट दिसली, ६,५०० ला. 'परदेशी जात असल्याने विकणे आहे, फक्त एका वर्षाची, जवळजवळ न वापरलेली.' फोनवर बाई फार गोड बोलल्या. कितवा महिना चालू आहे विचारलं, जपून राहा म्हणाल्या. मी त्यांना ताई म्हणत होते, त्याही मला ताई म्हणत होत्या. त्या आपुलकीने मी निर्धास्त झाले. पुढे जे डोळ्यांना दिसत होतं त्याच्याकडे मी पाहिलं नाही, त्याचं कारण हेच.

दिसत बरंच होतं. त्यांनी घरी बोलावलं नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीट आणून ठेवली. कव्हर नुकतंच धुतलेलं होतं, सुगंधी लिक्विडचा वास येत होता. बिल शिफ्टिंगच्या खोक्यात गेलं होतं. सीटच्या बाजूला जिथे लेबल असायला हवं, तिथे कागद खरवडल्याची चिकट खूण होती. "मुलाने ओरबाडलं हो, त्याला स्टिकरचं फार वेड," त्या हसून म्हणाल्या. फारशा न वापरलेल्या सीटवरचं लेबल मुलाने कधी ओरबाडलं, हे मी विचारायला हवं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, दुसरं कुणीतरी बघायला येतंय असं त्यांनी सांगितलं, आणि नवऱ्याने तिथेच यूपीआयवर पैसे टाकले.

आठव्या महिन्यात, कऱ्हाडला निघायच्या आधी, मी कव्हर आपल्या साबणाने पुन्हा धुवायला काढलं. तान्ह्याच्या अंगाला लागणार, म्हणून. उलटं करून झटकलं तर फरशीवर काहीतरी टणकन पडलं. मला वाटलं खडीसाखर. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, कोपरे बोथट असलेला, हिरवट झाक असलेला काचेचा खडा. शिवणीत बोट घातलं तर आणखी चार निघाले. गाडीची बाजूची काच फुटते तेव्हा तिचे असेच बारीक चौकोनी तुकडे होतात. रस्त्यावर अपघाताच्या जागी पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात.

मी तिथेच खाली बसले. नवऱ्याने सीट टेबलावर घेतली आणि आम्ही तिला पूर्ण उघडं केलं. डोक्यामागचा थर्माकोलसारखा कडक फोम आडवा तडकलेला होता आणि पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेला होता. गाडीचा पट्टा ज्या खाचेतून जातो, तिथलं प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं आणि बाजूला पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. प्लास्टिकची पट्टी खूप वाकवली की पांढरी पडते ना, तशा. खांद्याच्या पट्ट्यावरून नख फिरवलं तर एका ठिकाणी तो खरखरीत लागत होता. आणि तळाला, साच्यात उमटलेलं छोटं गोल: कडेने महिन्यांचे १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन बाजूंना १ आणि ३. म्हणजे २०१३ सालचं प्लास्टिक. वर्ष लेबलवरून खरवडता येतं, साच्यातून नाही.

फोन केला. आधी त्या म्हणाल्या, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. काचेचं सांगितल्यावर थोडा वेळ आवाजच आला नाही. मग, "ताई, अगदी थोडं लागलं होतं हो बाजूने. सीटला काहीच झालं नव्हतं. तुम्हीच बघून घेतलीत ना?" यानंतर नंबर लागला नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास पैशांचा झाला नाही. ती बाई स्वतः आई होती. कितवा महिना चालू आहे विचारून तिने मला जपून राहायला सांगितलं होतं, आणि फोमला चिकटपट्टी लावून, वर कव्हर चढवून ती सीट माझ्या हातात दिली होती. हे मी अजून विसरू शकलेले नाही.

पोलीस चौकीत तक्रार-अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, नंबर लावून पाहिला, बंद होता. त्या बाईंची जागा भाड्याची होती, रिकामी झाली होती. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा कळलं की तिथे दुकानदार किंवा व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार चालते, घरगुती वस्तू विकणाऱ्या व्यक्तीविरुद्धची नाही. पैसे परत आले नाहीत.

आता जे नंतर शिकले ते. कार सीट एकदाच काम करते. मोठी धडक बसली की तिचं प्लास्टिक आणि फोम तो धक्का स्वतःमध्ये घेतात, आणि तिथेच तिचं आयुष्य संपतं, मग वरून कितीही नवी दिसो. धडक नसली तरी उन्हात तापणाऱ्या गाडीत प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं, म्हणून बहुतेक कंपन्या तिला मुदत घालून देतात. जुनी सीट घेताना आपण खरं तर तिचा इतिहास विकत घेतो, आणि तो फक्त विकणाऱ्याला माहीत असतो. सख्ख्या बहिणीची सीट मी आजही घेईन, कारण तिची गाडी कुठे ठोकली होती ते मला माहीत असतं. अनोळखी माणसाची घेणार नाही, फुकट दिली तरी.

लेबल नसलेली सीट तर हातातही घेऊ नका. युरोपीय मानकाच्या आर४४/०४ सीटवर नारिंगी लेबल असतं. त्यावर वजनाचा गट, वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा आकडा (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स), आणि खाली ०४ ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक. नव्या सीटवर आर१२९ हे त्यानंतरचं मानक दिसेल, तिथे गट वजनाऐवजी उंचीवर असतो. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आहे, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर १,००० रुपये दंड. पण जुन्या बाजारात त्या सीटचं लेबल कोण तपासतं?

शेवटी नवी सीट घेतली, साधी, ७,२०० ला. शून्य-प्लस गट, १३ किलोपर्यंत, मागे तोंड करून बसवायची, लेबल जागच्या जागी, बिल हातात. दुकानदाराने आमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसवून दाखवली आणि बजावलं की एअरबॅग चालू असताना ती पुढे कधीच लावायची नाही. म्हणजे फसवणुकीत गेले त्यापेक्षा फक्त ७०० रुपये जास्त. कंपनीच्या नावावर नजर ठेवून मी २२,००० ची वस्तू ६,५०० ला शोधत राहिले, आणि ७,२०० ची चांगली सीट घरापासून दोन चौकांवर होती.

ती जुनी सीट भंगारवाल्याला द्यायची ठरवली. तो उचलून बघत म्हणाला, "चांगली दिसतेय की ताई, धुऊन-पुसून कुणीतरी घेईल." मी त्याला थांबवलं. आतून मोठी कात्री आणून पाचही पट्टे मुळापासून कापले, फोम काढून मोडला, आणि जाड मार्करने प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी लिहिलं: अपघातातली सीट, बाळाला बसवू नका. मग दिली.