वाटीचा अंदाज की वजनकाटा?

"पोळी बंद केली, आता भाकरीच खाते," असं शुगरवाल्या घरांत हमखास ऐकू येतं. त्या भाकरीचं पीठ एकदा काट्यावर घालून बघा. आमच्याकडे ज्वारीच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला २५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्यांची साखर होते ती) असतात, कणकेत ६४. म्हणजे भाकरीत ४१ ग्रॅम, फुलक्यात १६. एका भाकरीत अडीच फुलके! तंतुमय पदार्थ या आकड्यांत धरलेले नाहीत.

हे वाटीने मोजणाऱ्याला कधी कळत नाही. शिवाय वाटी कुठली? आमच्याच मांडणीवर १०० मिलिची आहे आणि २०० चीही. भात मोकळा वाढला की दाबून मूद पाडली, यानेही फरक पडतो. पण लग्नाच्या पंगतीत काटा थोडाच काढणार? तिथे नजरच कामाची.

काटा वापरायचा तर कच्चं तोला. २०० ग्रॅम तांदळात १५६ ग्रॅम कर्बोदकं. शिजून भात ६०० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅममध्ये २६. पाणी कमी पडून ५०० च भरला तर ३१. म्हणून नेटवरच्या 'शिजलेला भात' या आकड्यावर माझा भरवसा नाही. पोळीचंही तसंच: तव्यावर पाणी उडतं, म्हणून पोळी नव्हे, गोळा तोलायचा. भाकरीला परात काट्यावर ठेवून शून्य करा आणि पीठ घ्या.

पाकिटावरचा तक्ता सोपा, फक्त आकडा १०० ग्रॅमचा आहे की दोन बिस्किटांचा, ते बघा.

जेवणाआधी इन्सुलिन घेत असाल तर काटाच घ्या. डॉक्टरांनी १० ग्रॅमला १ युनिट ठरवून दिलं असेल, तर २० ग्रॅमची चूक म्हणजे थेट २ युनिट. नुसत्या गोळ्या चालू असतील तर वाटी पुरते, पण रोज तीच. पंधरा दिवस काटा वापरून ती वाटी पारखून घेतलीत तर उत्तम.

पुरणपोळीला मात्र अंदाज चालत नाही. कणीक, हरभरा डाळ, गूळ प्रत्येकी २५० ग्रॅम घेतले, तर एकूण कर्बोदकं ४९० ग्रॅमच्या आसपास. पोळ्या १२ झाल्या, एकीत ४१. भाकरीइतक्याच. गूळ चढतो मात्र लवकर, आणि एकीवर कुणी उठू देत नाही.