लॅक्टोज-फ्री दूध: कोणासाठी, आणि घरातल्या कोणत्या पदार्थासाठी?

दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात, अशांसाठी अमूलसह काही कंपन्यांचं लॅक्टोज-फ्री दूध बाजारात आहे. दूध चांगलं आहे, पण ते अनेक घरांत गरज नसलेल्या जागी वापरलं जातं.

हे खरं दूधच आहे. त्यात लॅक्टेज हे एन्झाइम मिसळून लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. हेच काम एरवी लहान आतड्याने करायचं असतं. तिथे लॅक्टेज कमी पडलं की न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस धरतो. कॅल्शियम आणि प्रथिनं साध्या दुधाइतकीच राहतात. एकूण साखरही तेवढीच राहते, म्हणून मधुमेहींनी याला ‘शुगर-फ्री’ समजू नये. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, म्हणजे पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं होत असेल, तर हे दूध अजिबात चालणार नाही.

स्वयंपाकघरात पहिला फरक जाणवतो तो गोडीचा. ग्लुकोज लॅक्टोजपेक्षा गोड, त्यामुळे खिरीत साखर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला. आटवताना मात्र जपा. या साखरा उष्णतेने लवकर तांबूस होतात, म्हणून बासुंदीचा रंग लवकर बदलतो. आच मंद ठेवून सतत ढवळावं लागतं. खोक्यातलं दूध उच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं असतं, ते उकळायची गरज नाही. होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांश बारीक करून एकजीव केलेलं असल्यामुळे जाड साय धरत नाही, तेव्हा लोण्यातुपाची आशा नको. दही लागतं, कारण विरजणातले जिवाणू ग्लुकोजवरही जगतात. फक्त ते थोडं सैल राहू शकतं. पण दह्यासाठी एवढं महाग दूध वापरावं असं आम्हाला वाटत नाही. साध्या दह्यात लॅक्टोज आधीच कमी झालेलं असतं, आणि उरलेलं पचवायला त्यातले जिवाणू मदत करतात. चक्का बांधला की बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. तुपात तर ते जवळजवळ नसतंच. खव्याचं उलट आहे. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध लागतं, आटताना पाणी उडतं आणि लॅक्टोज तसंच राहतं. म्हणून ताक सोसणाऱ्यालाही पेढे बाधतात.

चहाचा हिशेब करा. 250 मिली दुधात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि एका वेळी एवढं बहुतेकांना फारसा त्रास न होता चालतं. कपभर चहात 50 मिली दूध, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम. चहासाठी हे दूध बहुतेकांना लागतच नाही. पैसे मोजायचे ते ग्लासभर दुधासाठी, कॉर्नफ्लेक्ससाठी, मिल्कशेकसाठी.

विकत घेण्याआधी पडताळा घ्या. दोन आठवडे दूध आणि खवा बंद ठेवा. मग एका सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साधं दूध, आणि दोन-तीन दिवसांनी तेवढंच लॅक्टोज-फ्री दूध. फक्त पहिल्याने त्रास झाला तर संशय लॅक्टोजवर. दोन्हींनी झाला तर कारण दुसरं आहे. खात्रीसाठी पोटविकारतज्ज्ञ श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणी सांगतात. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडांवरून शंभरेक पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ यादी देणाऱ्या पॅकेजवर मात्र खर्च करू नका. आयजीजी दिसणं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढंच. लॅक्टोजचा त्रास एन्झाइमच्या कमतरतेचा. तो त्या चाचणीत दिसूच शकत नाही. जोरदार जुलाबांच्या आजारानंतर काही आठवडे दूध न पचणं तात्पुरतंही असतं. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा. सीलिॲकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा, संशय असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो.

लग्नकार्यात खायचं असेल तर लॅक्टेजची गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यावी. जेवण उरकल्यावर तासाभराने घेतली तर ती फुकट जाते. लॅक्टेजचे थेंब वापरत असाल तर ते गार दुधातच घाला, कारण उकळत्या दुधात एन्झाइम मरतं. आणि मग बाटलीवर सांगितलेला वेळ ते दूध फ्रिजमध्ये राहू द्या.