उद्यमबागेत बनलेली वाफेची चाकबोट: इंजिन अस्सल, चाकं अर्धवट

क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक सिलिंडर घडवणाऱ्या बेळगावात वाफेचं इंजिन उत्तम व्हावं यात नवल नाही. उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हिक्टोरियन काळातल्या पॅडल स्टीमरचं (बाजूच्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या वाफेच्या बोटीचं) चालतं मॉडेल ऑर्डरप्रमाणे करून मिळतं. लांबी ७०० मिमी, पत्र्याची बॉडी, तांब्याचा बॉयलर, स्पिरिटचा बर्नर. किंमत ३४,००० रुपये.

या बोटीचा जीव म्हणजे तिचं इंजिन. १२ मिमी बोअर (आतला व्यास) आणि २० मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची चाल) दोन डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडर (वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते), क्रँक एकमेकींशी ९० अंशांत. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडला की चाक हाताने न ढकलता सुरू होतं. कनेक्टिंग रॉड नाहीच. पिस्टन रॉड थेट क्रँकला जोडलेला आणि सिलिंडरच झोके घेतो. ग्रीनिचच्या जॉन पेन यांच्या कारखान्याने अशी इंजिनं नावारूपाला आणली. उंची कमी लागते, म्हणून उथळ नदीतल्या बोटीतही ती डेकखाली मावतात. ड्रेस्डेनच्या ‘डीसबार’ बोटीत पेनचं १८४१ सालचं असंच इंजिन आहे. फरक एवढाच की मोठ्या इंजिनात वाफ पोकळ ट्रनियनमधून (सिलिंडर ज्यांवर झुलतो त्या खुंट्यांमधून) जाते. इथे सिलिंडरची सपाट बाजू स्प्रिंगने पोर्ट ब्लॉकवर (वाफेची भोकं असलेल्या ठोकळ्यावर) दाबलेली आहे. या आकाराला तेच योग्य. थंड सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर सिलिंडर क्षणभर उचलला जाऊन ते बाहेर टाकतो, रॉड वाकत नाही.

पोर्टवर वाफ फुसफुसत असेल तर आधी स्प्रिंग आवळू नये, घर्षण वाढून इंजिन अडतं. सिलिंडर काढून काचेवर ६०० आणि मग १००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवावा आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकारात घासावं. सगळीकडे सारखा मंदपणा आला की पुरे.

बॉयलरचे जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदीमिश्रित डागाचे) आहेत, सेफ्टी व्हॉल्व्ह २ बारला उडतो. ४ बारची थंड पाण्याची टेस्ट समोर करून मागावी. टेस्ट पंप उद्यमबागेत सहज मिळतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी मात्र दिलेली नाही, आणि ही कसूर गंभीर आहे. बॉयलर कोरडा पडला की जोड जातात. २५० मिली पाणी भरावं आणि स्पिरिट ५० मिलीच्या वर कधीच घालू नये, म्हणजे पाण्याआधी आग विझते. बोअरवेलचं पाणी क्षार धरतं. त्याऐवजी पावसाचं गाळलेलं पाणी वापरावं.

तेल ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइलच हवं. गाडीच्या इंजिनाचं तेल पाण्यात मिसळून दुधाळ होतं आणि वंगण उरत नाही. ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणाऱ्या भांड्यात) वाफेचं पाणी तळाशी बसून तेल वर ढकलतं, म्हणून दरवेळी आधी ते पाणी काढावं. एक्झॉस्टमधून तेल बाहेर पडतं, तेव्हा पिण्याच्या विहिरीत किंवा तलावात ही बोट सोडू नये. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं चालेल, तेही वारा पडल्यावर. बोट कलली की एक चाक खोल जातं, दुसरं उघडं पडतं आणि ती गोल फिरू लागते.

आता चाकं. ९० मिमी व्यासाची, ८ पात्यांची, पाती आऱ्यांवर पक्की बसवलेली. अशी पाती पाण्यावर थाप मारत आत जाते आणि बाहेर पडताना पाणी वर उचलते. दोन्हीकडे ताकद वाया. १८२९ साली एलायजा गॅलोवे यांनी पेटंट घेतलेल्या फेदरिंग चाकात केंद्राबाहेरचा एक्सेंट्रिक (चकती) दांड्यांनी प्रत्येक पाती पाण्यात जवळजवळ उभी ठेवतो. म्हणूनच पुढच्या बोटींना लहान व्यासाची, वेगाने फिरणारी चाकं परवडली. हे नसलेल्या मॉडेलला व्हिक्टोरियन सहलबोट म्हणणं पटत नाही.

शिवाय पाणी आणि स्पिरिट संपत जाईल तशी बोट जवळपास ३ मिमी वर येते आणि १४ मिमीच्या पातीची पकड सुटते. कोळसा जळत गेला की अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींचंही हेच होई. निघताना खालच्या पातीची वरची कड पाण्याखाली ४ मिमी राहील इतकं शिसं तळाशी ठेवावं.

ऑर्डर देतानाच फेदरिंग चाकं आणि काचनळी मागावी. पॅडल बॉक्स (चाकावरचं झाकण) रिव्हेट झाल्यावर एक्सेंट्रिकचा ब्रॅकेट बसवायला जागा उरत नाही, आणि काचनळीचे बुश (नळी बसवायच्या कड्या) बॉयलर ब्रेझ करतानाच घालावे लागतात.