मक्याच्या संकरासाठी जनक वाण: लाइनचे स्वतःचे उत्पादन पाहावे की संयोगक्षमता?

हाती वीसेक इनब्रेड लाइन (अनेक पिढ्या स्वपरागीकरण करून स्थिर केलेले वाण) असल्या की शेतात सर्वांत भरघोस दिसणारी लाइनच जनक म्हणून निवडावी, असे प्रथम वाटते. फुलोऱ्याचे दिवस किंवा झाडाची उंची यांबाबत लाइनवरून संकराचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. धान्य उत्पादनाबाबत मात्र हा संबंध इतका सैल असतो की केवळ त्यावर विसंबून निवड केल्यास चांगले जनक हातचे जातात. म्हणून चाचणी संकर करून संयोगक्षमता, म्हणजे लाइनची चांगले संकर देण्याची क्षमता, तपासणे अपरिहार्य ठरते.

ही तपासणी दोन प्रकारे होते. डायलेल पद्धतीत प्रत्येक लाइनचा इतर प्रत्येक लाइनशी संकर केला जातो, त्यामुळे विशिष्ट जोडी कशी जमते हे नेमके कळते. परंतु २० लाइनसाठी, उलटे (नर-मादी अदलाबदल केलेले) संकर सोडूनही, १९० संकर करावे लागतात. लाइन-टेस्टर पद्धतीत प्रत्येक लाइनचा संकर टेस्टर म्हणून ठरवलेल्या मोजक्या वाणांशीच करतात; दोन टेस्टर घेतल्यास ४० संकरांत काम भागते आणि सर्वसाधारण संयोगक्षमता (लाइनची तिच्या सर्व संकरांतली सरासरी कामगिरी) तर कळतेच, शिवाय कोणती लाइन कोणत्या आनुवंशिक गटाशी जुळते हेही उमगते, मात्र टेस्टर परस्परांपासून दूरच्या गटांतले हवेत. स्टिफ स्टॉक गटातली बी-७३ आणि लँकेस्टर गटातली मो-१७ यांचा संकर अमेरिकेत गाजला, त्यामागे गटांमधले हेच अंतर होते. माझ्या मते आधी लाइन-टेस्टरने चाळणी लावावी आणि उरलेल्या सहा लाइनचे डायलेल करावे. ते अवघ्या १५ संकरांत होते.

तरीही लाइनचे स्वतःचे उत्पादन दुर्लक्षून चालत नाही, कारण एकेरी संकराचे (दोन लाइनच्या थेट संकराचे) बियाणे मादी लाइनच्याच कणसावर धरते आणि तिचे उत्पादन कमी असेल तर बियाणे महागते. सुरुवातीच्या इनब्रेड लाइन फारच अशक्त असल्यामुळे पूर्वी दुहेरी संकरांचा (दोन एकेरी संकरांच्या संकराचा) आधार घ्यावा लागला. भारतात १९६१ साली आलेले गंगा-१०१ आणि रणजित हे त्याच प्रकारचे होते. मादी म्हणून भरपूर दाणे देणारी, न लोळणारी आणि तुरा सहज खुडता येईल अशी लाइन घ्यावी. नराचे स्वतःचे उत्पादन कमी असले तरी चालते, पण त्याचा तुरा मोठा, परागकण भरपूर आणि ते झडण्याचा काळ लांब असावा, तसेच उंची शक्यतो मादीपेक्षा अधिक असावी. दोघांच्या फुलोऱ्यात फार दिवसांचे अंतर पडत असेल, तर संयोगक्षमता उत्तम असूनही ती जोडी मी बाजूला ठेवीन, कारण पेरणी मागेपुढे करून साधलेला मेळ एखाद्या पावसाच्या ओढीनेही बिघडतो.