‘50 मीटर’च्या रिळात प्रत्यक्षात काय निघालं

रबराच्या ताणावर भाला सोडून पाण्याखाली मासे मारणाऱ्या स्पिअरगनला ‘रीळ बसवून, दोरी भरून, थेट पाण्यात नेण्याजोगी’ करून देणाऱ्यांच्या कामात फसवणूक सहसा एकाच जागी नसते. अशी एक बंदूक पूर्ण खोलून पाहिली, तेव्हा जे निघालं ते खाली दिलं आहे. नळी अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरून 28 मिमी. रीळ मुठीच्या पुढे, नळीच्या खालच्या अंगाला. फोटोत आणि हातात घेतल्यावर सगळं ठाकठीक. (खोलण्याआधी भाला बाहेर काढायचा आणि रबरं उतरवायची. चापाचं काम असो वा नसो, याला अपवाद नाही.)

पहिली थाप मीटरची. जाहिरातीत ‘2 मिमी दोरी, 50 मीटर’. स्पूल (रिळातलं दोरी गुंडाळायचं चाक) मोजलं तर कडेचा व्यास 70 मिमी, मधल्या दांड्याचा 30 मिमी, रुंदी 25 मिमी. हिशेब सोपा आहे: 70 चा वर्ग वजा 30 चा वर्ग, गुणिले 0.785, गुणिले 25. उत्तर येतं साधारण 78,500 घन मिमी. 2 मिमी दोरीचा एक मिलिमीटर तुकडा गुंडाळल्यावर 4 घन मिमी जागा अडवतो, म्हणजे काठोकाठ भरलं तरी 19 ते 20 मीटर. शिवाय काठोकाठ भरायचं नसतंच. कडेला 3 मिमी मोकळे सोडले नाहीत तर ओली, सैल झालेली दोरी कडेवरून घसरून दांड्यात अडकते. तेवढे सोडले की उरतात पंधरा-सोळा मीटर. दीड मिमी दोरी घेतली तर त्याच जागेत 28 च्या आसपास. 50 हा आकडा जेमतेम एक-सव्वा मिमी दोऱ्यावर काढलेला असतो आणि लिहिला जातो 2 मिमीच्या शेजारी. पैसे देण्याआधी ही तीन मापं विकणाऱ्याकडून लेखी मागवा. जो टाळतो, त्याचं रीळ नको.

आता आत काय होतं ते. वरची बारा मीटर दोरी बरी होती. तिच्याखाली गाठ, आणि गाठीखाली साधी पॉलिप्रॉपिलीनची दोरी, स्पूल फुगलेलं दिसावं म्हणून गुंडाळलेली. पाण्यात ही गाठ दोरीच्या वाटेतल्या भोकात अडकते. समजा सुटून गेली, तरी पुढचा सगळा भार त्या स्वस्त दोरीवर येतो. म्हणून भरलेलं रीळ घेतलं की पहिल्याच दिवशी दोरी शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडून टेपने मोजायची. शेवटचं टोक स्पूलच्या भोकातून ओवून बांधलेलं आहे का, तेही पाहायचं. डायनीमा (रिळाची अस्सल दोरी ज्या मजबूत पॉलिथिलीन धाग्याची असते तो) अतिशय निसरडी असते. गुळगुळीत दांड्यावर नुसती गुंडाळली तर अख्खा गठ्ठा दांड्याभोवती घसरत फिरतो आणि ड्रॅग (स्पूलला रोखणारा ब्रेक) कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. इथे टोक चिकटपट्टीने चिकटवलेलं होतं!

दोरी अस्सल आहे हे पटवायला विक्रेते ती पाण्यात तरंगवून दाखवतात. या चाचणीने नायलॉन (घनता 1.14) आणि पॉलिएस्टर (1.38) बाद होतात, कारण ती बुडतात. पण पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9 च्या आसपास आणि डायनीमाची 0.97, दोन्ही तरंगतातच. फरक ताणात कळतो. मीटरभर दोरी हाताला कापडाचा पट्टा गुंडाळून जोरात ओढा. डायनीमा तुटेपर्यंतही तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणत नाही, पॉलिप्रॉपिलीन हातातच लांबते. डायनीमाचा स्पर्शही वेगळा, मेणचट आणि थंड. दोरीला वरून वीण असेल तर टोक कापून गाभा पाहा; वीण आणि गाभा दोन्ही पॉलिएस्टरचे निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

खरं नुकसान मात्र रीळ बसवण्याच्या पद्धतीत होतं. कारागिराने नळीला दोन भोकं पाडून स्क्रू थेट पत्र्यात आवळले होते आणि वरून सिलिकॉन थापलं होतं. या नळीची भिंत दीड मिमी. एम5 स्क्रूच्या आट्याचं अंतर 0.8 मिमी, म्हणजे पकडीला पुरते दोन आटेही मिळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे नळी दोन्ही टोकांना बंद असते आणि बंदूक तरंगते ती तिच्यातल्या हवेमुळे. एक मीटर लांबीच्या अशा नळीत सुमारे अर्धा लिटर हवा असते. सिलिकॉन सुटलं की तेवढं पाणी आत शिरतं आणि भाला सुटल्यावर तरंगायला हवी ती बंदूक तळाला जाते. पकडायला सोपं आहे: बंदूक काट्यावर तोला, तासभर टबात पूर्ण बुडवून ठेवा, बाहेरून पुसून आणि मुठीतलं पाणी निथळू देऊन पुन्हा तोला. वजन वाढलेलंच राहिलं तर नळीत पाणी गेलंय.

योग्य जोडणी म्हणजे मुठीत कंपनीने दिलेल्या नटावर, नाहीतर नळीभोवती रबरी अस्तर लावलेल्या दोन अर्ध्या क्लॅम्पने. लाकडी बंदुकीला भोक चालतं, पण त्यात आट्याची धातूची बुश इपॉक्सीत बसवलेली हवी, नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगतं. कार्बनच्या नळीला भोक पाडणाऱ्याला बंदूकच देऊ नका.

स्क्रू ‘समुद्राचं स्टेनलेस’ म्हणून दिले होते आणि लोहचुंबक चिकटत नाही हा पुरावा. पण स्टेनलेसच्या 304 आणि 316 या दोन्ही जाती चुंबकाला जवळपास सारखंच उत्तर देतात. खाऱ्या पाण्यात 316 टिकते ती तिच्यातल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे, आणि ते चुंबकाला दिसत नाही. एम5 आणि त्याहून जाड स्क्रूच्या डोक्यावर ‘ए4’ कोरलेलं असेल तर 316 च्या गटातला, ‘ए2’ म्हणजे 304 चा. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या कोणत्याही स्टेनलेस स्क्रूला गंजरोधक ग्रीस हवंच, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत अ‍ॅल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं. मुठीत जाणारा स्क्रू लांब असेल तर त्याचं टोक चापाच्या यंत्रणेला टेकतं. रबर न लावता भाला बसवा, स्क्रू सैल असताना आणि आवळल्यावर चाप ओढून पाहा. हाताला जरासाही फरक लागला तर ती बंदूक भरायची नाही.

मग दोरीची वाट. रिळाची दोरी नळीखालून पुढे, तोंडाच्या भोकातून बाहेर, आणि तिथे स्विव्हलने (गरगर फिरणाऱ्या कडीने) भाल्याच्या दोरीला जोडलेली असायला हवी. या बंदुकीत भाल्याची दोरी जुन्या पद्धतीने तोंडालाच बांधलेली होती आणि रिळाची दोरीही तिथेच. म्हणजे रीळ निव्वळ शोभेचं. मासा कितीही ओढो, एक वेढाही सुटला नसता. रिळाची फिरवायची मूठही भाल्याची दोरी सोडणाऱ्या खटक्याच्याच बाजूला होती. ती विरुद्ध बाजूला हवी, नाहीतर सुटणारे वेढे तिच्यात अडकतात.

ड्रॅगच्या घुंडीखाली घर्षणाचा वायसर नव्हताच, प्लास्टिकवर प्लास्टिक. कोरडं असताना गोड चालतं. अर्धा तास बादलीत भिजवून पाच मीटर दोरी झटक्यात ओढा आणि एकदम थांबा. स्पूल एखाद्या फेरीत थांबायला हवं. ते मोकाट फिरून गुंता करत असेल किंवा घुंडीच्या पाव फेरीत जाम होत असेल, तर रीळ परत करा.

‘एकदा समुद्रात नेलेली वस्तू परत घेत नाही’ ही अट बिलावर बारीक अक्षरात असतेच. म्हणून वरचं सगळं टबात आणि बादलीत, गोड्या पाण्यात उरकायचं. पाकीट फोडण्यापासून दोरीच्या शेवटच्या वेढ्यापर्यंत न थांबवता एकच व्हिडिओ घ्या, आणि मोजणीची टेप त्यात दिसू द्या.