अंडाशयाला पीळ: सोनोग्राफीसाठी थांबायचं की निघायचं, काढायचं की ठेवायचं

ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ आणि सोबत उलट्या, एवढ्यावरच अंडाशयाला पीळ पडल्याची, म्हणजे ते स्वतःभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा अडल्याची शंका घ्यावी. कळ मध्येच ओसरते आणि घरचे म्हणतात, गॅस होता, उतरला. पण पीळ थोडा सैल होऊन पुन्हा आवळू शकतो. आधीच्या सोनोग्राफीत ५ सेंमीपेक्षा मोठी गाठ असेल तर शंका आणखी बळावते. लहान मुलींत मात्र गाठ नसतानाही पीळ पडतो. बेंबी सरकली म्हणून पोट चोळण्यात वेळ घालवू नका.

थांबायचं की निघायचं

ग्रामीण रुग्णालयात सलाईन, उलटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन मिळतं, ते घ्याच. दुखणं दाबलं की निदान हुकतं, ही समजूत चुकीची आहे. पाळी सुरू झालेल्या प्रत्येकीची, लग्न झालेलं असो वा नसो, लघवीची गर्भतपासणी करा. अशीच कळ गर्भनळीत राहिलेल्या गर्भानेही येते; तो फुटला तर जिवावर बेततं, आणि ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

सोनोग्राफी तिथेच लगेच होत असेल तर उत्तम. अविवाहित मुलीची पोटावरूनच करतात, त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं. पाणी पाजू नका, सलाईनने ते भरतं. पण सोनोग्राफीचे डॉक्टर उद्या येणार असतील तर थांबणं चूक. शिवाय ‘रक्तप्रवाह आहे’ या शेऱ्याने पीळ नाही असं ठरत नाही. अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी येतं, आणि पिळात आधी शिरा दबतात, धमन्या नंतर. एकच अंडाशय सुजून मोठं आणि बीजकोश (बीज वाढतं त्या बारीक पिशव्या) कडेला ढकललेले दिसले, तर तो पुरावा जास्त वजनाचा.

कुठे जायचं हे इमारतीच्या आकारावर ठरवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि चालू शस्त्रक्रियागृह आत्ता, या रात्री आहे का, हे फोनवर विचारून मगच १०८ ची गाडी हलवा. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथे शंका आली की लगेच निघावं. शेवटचं कधी खाल्लं ते चिठ्ठीवर लिहा, पुढे काही खायला-प्यायला देऊ नका. पहिले ६ ते ८ तास मोलाचे, पण दिवस उलटला म्हणून आशा सोडू नका; त्यानंतरही अंडाशयं वाचली आहेत.

काढायचं की पीळ सोडवून ठेवायचं

मुलगी किंवा पाळी सुरू असलेली बाई असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पीळ सोडवा, अंडाशय ठेवा. ते काळंनिळं दिसलं तरी मेलेलं असतंच असं नाही, रंगावरून ते कळत नाही. सोडवल्यावर रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल ही जुनी भीती अनुभवात खरी ठरलेली नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही किशोरवयीन मुलींसाठी २०१९ मध्ये हाच सल्ला दिला. पाळी बंद झालेल्या बाईत, कर्करोगाची शंका असताना किंवा ऊतक हातात विरघळत असेल तर काढणं योग्य. संमतीपत्रावर दोन्ही पर्याय लिहिलेले असू शकतात. सही करण्याआधी डॉक्टरांना यावर थेट विचारा.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने, म्हणजे पोटावर छोटी छिद्रं पाडून केली, तर दुखणं कमी आणि सुट्टी लवकर. पण त्यासाठी आणखी काही तासांचा प्रवास लागत असेल तर जवळ होणारी उघडी शस्त्रक्रिया बरी.

सुजलेल्या अंडाशयातली गाठ त्याच वेळी काढताना ऊतक फाटतं, म्हणून ती कधी ६ ते ८ आठवड्यांनी काढतात. तेव्हाची सोनोग्राफी चुकवू नका, आणि मधे ताप किंवा तीच कळ परतली तर त्याच दिवशी दाखवा.