जुन्या लॅपटॉपवर कोणता डेस्कटॉप: आय-थ्री, ओपनबॉक्स की एक्सएफसीई?

चोपड्यात चुलतभावाचं कृषी केंद्र आहे. तिथल्या 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं ठरलं, पण डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनू सांभाळणारा प्रोग्रॅम कोणता घ्यायचा यावर, गाडी अडली. तुमचंही तिथंच अडलं असेल तर रॅमचा हिशेब आधी बाजूला ठेवा. हलका डेस्कटॉप घेऊन वाचवलेली मेमरी ब्राउझर चार टॅबांत फस्त करतो. मशीनपुढे आणखी कोण बसणार, ते आधी बघा.

मी स्वतः आय-थ्री वापरतो (त्याच नावाचा प्रोसेसर नव्हे, खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम). खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, पडदा आपसूक वाटून घेतात. सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि एंटर दाबलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी; सुपर-डी दाबलं की प्रोग्रॅम शोधायची पट्टी. सगळी मांडणी एका साध्या फाइलीत. ती पेन ड्राइव्हवर नेली की दुसऱ्या मशीनवर तोच संसार. आठवडाभर बोटं अडखळतात, मग माउस नकोसा होतो. पुढे वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) जायचं झालं तर स्वे हा आय-थ्रीसारखाच प्रोग्रॅम जवळपास तीच फाइल चालवून घेतो.

मोठ्या हौसेनं दुकानातही तेच बसवलं. पहिल्याच दिवशी फोन: "भो, खिडकी बंद करायचं बटण कुठं गेलं?" ते नसतंच, सुपर-शिफ्ट-क्यू दाबावं लागतं. मग मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली. खालच्या पट्टीवर बॅटरीचा आकडा लाल झाला होता, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत तो बघतो कोण? लॅपटॉप बंद पडला, अर्धं बिल गेलं. ठळक सूचना हवी तर वेगळा प्रोग्रॅम जोडावा लागतो, आणि तो मी जोडला नव्हता.

ओपनबॉक्स हा मधला पर्याय वाटतो. उजवी क्लिक केली की मेनू, खिडक्या नेहमीसारख्या. पण पॅनल (कडेची पट्टी), घड्याळ, वाय-फायचं चिन्ह एकेक करून आणा. शेवटची आवृत्ती 3.6.1, तीही 2015 ची. आज नव्यानं शिकायला मी सांगणार नाही.

एक्सएफसीईत बॅटरीची सूचना, वाय-फाय, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं माउसनं लागतं. डेस्कटॉपवरचे आयकॉन बंद करा, पॅनलवर मेनू, घड्याळ नि बॅटरी एवढंच ठेवा. डोळ्यांना आय-थ्रीइतकंच मोकळं.

काहीही निवडा, देवनागरी फॉन्ट आठवणीनं टाका. टर्मिनलमध्ये मराठी वाचायचं असेल तर एक्सटर्म हा जुना टर्मिनल नको, त्यात जोडाक्षरं जुळत नाहीत.

दुकानात आता एक्सएफसीई आहे. फोन येतात, पण प्रिंटरचे.